एका मताने आलेले पाळक

बाबा त्या चर्चचे पाळक झाले ते एका मताने. एकतीस विरुद्ध तीस.

बाप्टिस्ट मंडळीत पाळक वरून कोणी नेमून पाठवत नाही. मंडळीच त्याला बोलावते, आणि बोलवायचं की नाही ते मतदानाने ठरवते. तशी आमची मंडळी सगळंच मतदानाने ठरवायची. खिडक्यांना पडदे हवेत का, इथपासून स्वर्गाची वाट आम्हाला कोणी दाखवायची, इथपर्यंत. बाबांच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मंडळीचे चिटणीस एका शाळेचे हेडमास्तर होते. त्यांनी चिठ्ठ्या तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, तेव्हा नाइलाजाने त्यांनी बाबांना बोलावण्याचं पत्र लिहिलं. पत्रात आकडेही घातले. गुण न सांगता नुसतं पास करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आईने पत्र वाचून म्हटलं, "म्हणजे तीस लोकांना तुम्ही नको आहात."

"एकतीस लोकांना हवा आहे," बाबा म्हणाले. "आणि हे बघ, ते तीस कोण, हे आपण कधी शोधायचं नाही."

बाबांनी खरोखरच ते शोधलं नाही. आईने पहिल्या रविवारीच बारा जण ओळखले, आणि महिन्याभरात तिच्या हिशेबाने तिसाचे चौतीस झाले.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. पाळकांचं घर चर्चच्या मागच्या भिंतीला चिकटून होतं. दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे थेट चर्चचं व्यासपीठ, त्यामुळे गायकगटाची तालीम चालू असली की आई कांदा चौथ्या कडव्यापर्यंत परतायची आणि तो बरोबर लाल व्हायचा. शनिवारी सकाळी बाबा तिथेच, बरण्यांच्या फळीकडे तोंड करून, दुसऱ्या दिवशीचा संदेश म्हणून बघत. आई बाजूला बटाटे सोलत बसलेली असे. बटाटे संपले आणि संदेश उरला, तर उरलेला गाळायचा, असा दोघांचा करार होता. मंडळीला बाबांचे संदेश नेहमी दोन मुद्द्यांचे वाटत. तिसरे मुद्दे आमच्या स्वयंपाकघरात पडलेले असत. कधी फारच बोलायचं असलं, तर बाबा शुक्रवारी संध्याकाळी स्वतः जाऊन जास्तीचे बटाटे घेऊन येत.

याच स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला आई दर वाढदिवसाला मला आणि धाकट्या भावाला उभं करायची, डोक्यावर वही आडवी ठेवायची आणि पेन्सिलीने रेघ मारायची. रेघेपुढे तारीख. बाबा ते मोठ्या हेव्याने बघत. "माझी माणसं अशी चौकटीला उभी करता आली असती, तर निदान कळलं तरी असतं," ते एकदा म्हणाले. "वाढतायत, की नुसती म्हातारी होतायत."

बाबांची आशा तेवढीच होती. बाकावरच्या डोक्यांची संख्या वाढावी, याची त्यांना घाई नव्हती. आहेत ती माणसं आतून वाढावीत. गेल्या वर्षीपेक्षा यंदा थोडी जास्त खरी बोलावीत, थोडी कमी रुसावीत. पहिल्याच वर्षी त्यांनी चर्चच्या दाराशी एक तक्ता लावला. डावीकडे नावं, वर रकाने: वचनवाचन, प्रार्थना, आजाऱ्याची भेट, भांडणाचा समेट. ज्याने त्याने आपल्या हाताने खूण करायची. महिनाभरात तक्त्यावर इतक्या खुणा झाल्या की बाबा भारावून गेले. समेटाचा रकाना तर असा भरला की मंडळीत भांडायला कोणी शिल्लकच नसावं. मग त्यांच्या लक्षात आलं, पुष्कळांनी पुढच्या महिन्याच्याही खुणा करून ठेवल्या आहेत. दर वेळी कोण वाकणार, म्हणून. बाबांनी तक्ता मुकाट्याने उतरवला. आईने तो उलटा करून बरण्यांच्या फळीवर अंथरला. पुढची कित्येक वर्षं आमचं मीठ आणि साखर मंडळीच्या आत्मिक वाढीवर ठेवलेली होती.

त्या तक्त्यावर एकही रकाना मोकळा नसलेलं नाव एकच होतं. हौदकाकांचं.

हौदकाका धंद्याने नळकाम करणारे. सहा फूट उंच, हातात कायम पाना. चर्चमध्ये ते ज्येष्ठ डीकन, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांतले सगळ्यांत वरचे. पण नाव पडलं ते बाप्तिस्म्याच्या हौदामुळे. आमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने मोठं व्हायचं, आपला विश्वास मंडळीपुढे आपल्या तोंडाने सांगायचा, आणि मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. त्यासाठी व्यासपीठाच्या फळ्यांखाली सिमेंटचा हौद होता, दोन्ही अंगांनी पायऱ्या असलेला. फळ्या उचलणं, हौद घासणं, शनिवारी तो भरणं, रविवारी सकाळी गरम पाण्याच्या बादल्या ओतणं आणि शेवटी कोपर बुडवून पाणी सोसवेल का ते बघणं, हे सगळं हौदकाकांचं. दुसऱ्या कोणाच्या कोपरावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांचा आणखी एक मान होता, तो प्रश्न विचारण्याचा. बाप्तिस्मा मागणारा माणूस मंडळीच्या सभेत आपली साक्ष देई, मग ज्येष्ठ डीकन त्याला प्रश्न करत, मग मतदान. हौदकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "विश्वास कधी ठेवलात? तारीख सांगा." नळ कधीपासून गळतोय, असं विचारावं तसं विचारत. तारीख सांगता आली नाही तर "अजून थोडं थांबू द्या" म्हणून ते खाली बसत, आणि ते बसले की निम्म्या मंडळीचे हात आपोआप मांडीवरच राहत.

माणूस वाईट होता, असं मात्र कोणी म्हणू नये. आमच्या घरचा नळ गळायला लागला की ते न बोलावता येत. उपासनेत बसल्या बसल्या त्यांना तो थेंब भिंतीपलीकडून ऐकू येत असे. काम झाल्यावर चहा घेत, तो मात्र बसून कधीच नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून उभे राहायचे, तीन घोटांत कप रिकामा करायचे, "बराय वहिनी" म्हणायचे आणि निघायचे. आईच्या चौतिसांत त्यांचं नाव होतं, तरी त्यांच्या चहात ती साखर जास्त घालायची.

मी चौदा वर्षांची असताना सभासदांच्या नोंदवहीला वाळवी लागली. बाबांनी नवी वही करायला घेतली, आणि माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या मंडळीतून बदलीचं पत्र घेऊन जे लोक आले होते त्यांच्या तारखा वाळवीने खाल्ल्या होत्या. बाबांनी त्या त्या ठिकाणी पत्रं टाकली. उत्तरं मीच फोडत होते. त्यातलं एक उत्तर असं होतं, की हौदकाकांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, बाप्तिस्मा आमच्याकडे झाला आणि त्यांना आम्ही पत्र दिलं होतं. त्यांच्या यजमानांची मात्र आमच्याकडे नोंद नाही. ते लग्नाच्या दिवशी आले होते, तेवढेच आम्हाला माहीत.

मी दोनदा वाचलं आणि बाबांकडे नेलं. काय झालं असणार ते उघड होतं. आम्ही यायच्या दोन वर्षं आधी ही जोडी नव्याने आली, हातात पत्र एक होतं, आणि कोणीतरी त्या एका पत्रावर वहीत दोन नावं चढवली. पुढच्या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणता म्हणता दहा वर्षं गेली. तोवर ते डीकन झाले, ज्येष्ठ डीकन झाले. त्या हौदात शेकडो बादल्या ओतणारा माणूस स्वतः कधी त्यात उतरलाच नव्हता. आणि आमच्या नियमाप्रमाणे ज्याचा बाप्तिस्मा नाही, तो सभासदच नाही.

बाबा बराच वेळ पत्राची घडी घालत आणि उलगडत राहिले. मग मला म्हणाले, "कोणी विचारलं तर खोटं बोलू नकोस. पण विचारल्याशिवाय बोलूही नकोस." पत्र त्यांनी जाड शब्दकोशात ठेवलं. आईला ते कळायला दोन दिवस लागले, कारण त्या आठवड्यात तिला धूळ झटकायला उशीर झाला.

आईचं म्हणणं होतं, सरळ त्यांना बोलावून सांगून टाकावं. बाबा ऐकेनात. "मी सांगितलं तर तो माणूस लाजेने उठून निघून जाईल," ते म्हणाले. "त्याने आपणहून सांगितलं, तर तो वाढेल. मला तेवढंच हवंय."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर मी इथे येऊन काय केलं म्हणायचं?"

म्हणजे साऱ्या मंडळीवर पसरलेली बाबांची आशा त्या दिवसापासून एका माणसावर येऊन बसली. ते त्याच्यासाठी रोज प्रार्थना करत. आम्हाला कळायचं, कारण प्रार्थनेत मधेच ते नुसते 'आमचे दादा' म्हणत आणि पुढे बराच वेळ काही बोलत नसत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खरं बोलण्यावर ओळीने सहा संदेश दिले. घरात बटाट्यांचा खप वाढला. सहाव्या रविवारी हौदकाकांनी दाराशी बाबांचा हात दाबला आणि म्हणाले, "पाळकसाहेब, आज बोललात. हेडमास्तरांना चांगलंच लागलं." हेडमास्तरांच्या मते गायकगटाला लागलं होतं. गायकगट एकमेकांकडे बघत होता.

असा काळ गेला. आणि या थांबण्याची झळ भलत्यालाच लागली.

बेकरीत एक ताई कामाला होती. आमच्याकडे पाव तीच आणून द्यायची. उपासनेला यायची ती भट्टीवरून थेट, मनगटाला पीठ लागलेलं. तिने बाप्तिस्मा मागितला, साक्ष दिली, आणि हौदकाकांनी तारीख विचारली. "तारीख नाही सांगता येत, काका," ती म्हणाली. "हळूहळू झालं. पीठ फुगतं तसं." मंडळी हसली. हौदकाका म्हणाले, अजून थोडं थांबू द्या. पुढच्या वर्षी ती पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वर्षी तिने तारीख सांगितली, वारासकट, आणि ती पास झाली. दोन दिवसांनी पाव देताना तिने आईला खाली मान घालून सांगितलं, की ती तारीख तिने बेकरीतल्या कॅलेंडरवरून पाठ केली होती.

त्या दिवशी आईने बाबांना जेवायला वाढलं आणि शेवटचा घास होईपर्यंत एक शब्द काढला नाही. मग म्हणाली, "तुम्ही एकाच्या वाढीसाठी थांबलात. त्या पोरीला खोटं बोलायला लागलं." बाबा हात न धुता कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. आई त्यांना काहीही बोलायची आणि ते हसून सोडून द्यायचे. तेव्हा हसले नाहीत.

मी एकोणीस वर्षांची झाले त्या वर्षी इस्त्रीवाल्या आजी उभ्या राहिल्या. आजी पंचाहत्तरीच्या पुढे. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे चाळीस वर्षं त्याच धुऊन इस्त्री करून देत होत्या. इतक्या वेळा झगे घेऊन त्या चर्चमध्ये आल्या-गेल्या होत्या, की त्यांचा बाप्तिस्मा झालाय की नाही हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. एका रविवारी सभेत त्या बाकाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता मला द्या.

हौदकाकांनी तारीख विचारली. आजींना ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्याने विचारली.

"तारीख?" आजी म्हणाल्या. "बाबा रे, मला माझ्या जन्माची ठाऊक नाही."

हसू ओसरेपर्यंत हौदकाका थांबले. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला, की मग इतकी वर्षं थांबलात का?

"लोक काय म्हणतील म्हणून," आजी म्हणाल्या. "सगळ्यांना वाटायचं, हिचा झालाय. आता नाही म्हणून कसं सांगायचं? म्हणाले असते, मग चाळीस वर्षं काय करत होती? पण हल्ली मला ऐकूच येत नाही. म्हटलं, आता म्हणू देत काय म्हणायचं ते."

सगळं चर्च हसत होतं. हौदकाका हसत नव्हते. ते तोंड अर्धवट उघडं ठेवून आजींकडे बघत उभे राहिले आणि पुढचा प्रश्न न विचारताच खाली बसले. त्यांच्या शेजारी काकू मान खाली घालून रुमालाची घडी करत होत्या. मी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते. मतदानात आजी सहज पास झाल्या.

शनिवारी सकाळी हौदकाका हौद भरायला आले. बाबा स्वयंपाकघरात संदेश म्हणत होते, आई बटाटे सोलत होती, आणि मी पलीकडे चहा घेऊन गेले. फळ्या काढलेल्या होत्या, पण नळाचा आवाज नव्हता. कोरड्या हौदात, सगळ्यांत खालच्या पायरीवर, हौदकाका गुडघ्यांवर पाना ठेवून बसले होते. काम सोडून त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी कप पायरीवर ठेवला. ते म्हणाले, "ठेव." तो तर मी ठेवलेलाच होता.

मी परत येऊन सांगितलं. बाबांचा दुसरा मुद्दा चालला होता आणि परातीत सात बटाटे शिल्लक होते. ते तसेच टाकून गेले. त्या भिंतीला कान लावायची गरज नसायची, पलीकडचं सगळं आपसूक ऐकू यायचं. तरी आईने कान लावला.

पायऱ्यांवरून चपला उतरल्याचा आवाज आला. मग बाबा बसले असावेत.

"पाळकसाहेब," हौदकाका म्हणाले, "माझं नाव वहीत चुकून चढलंय."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पाच वर्षं झाली."

पाना सिमेंटवर पडला. "पाच वर्षं? आणि पाच वर्षं मला लोकांना तारखा विचारू दिल्यात?"

बाबा म्हणाले, "दादा, तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबलो होतो. चुकलंच माझं."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"हे मला घरीही विचारतात," बाबा म्हणाले, आणि आईने भिंतीवरचा कान जरासा बाजूला घेतला.

हौदकाका मग हळूहळू बोलत राहिले. आधी वाटायचं, कडक वागलो की कोणाला संशय येणार नाही. मग वाटायला लागलं, इतकं कडक वागून झाल्यावर आता सांगायचं कुठल्या तोंडाने. काकू दर वर्षी सांगायच्या, जाऊन सांगून या. ते दर वर्षी म्हणायचे, यंदा हौद घासायचाय, पुढच्या वर्षी बघू. बाबांनी विचारलं, उद्या सांगाल का? ते म्हणाले, उद्या बघू. मग नळ सुटल्याचा आवाज आला.

बाबा परत आले तेव्हा विजार गुडघ्यांपर्यंत ओली होती. नळ सोडला तेव्हा आपण दोघंही हौदातच बसलोय, हे जन्मभर नळकाम केलेल्या माणसाच्याही लक्षात आलं नव्हतं. आईने सगळं ऐकलेलं असूनही विचारलं, "काय म्हणाले?"

"उद्या बघू, म्हणाले."

त्या शनिवारी सात बटाटे तसेच राहिले.

रविवारी हौदकाकांनी नेहमीप्रमाणे बादल्या ओतल्या, कोपर बुडवलं, आजींना हाताला धरून पायऱ्यांवरून उतरवलं. बाबांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. आजी पाण्यातून वर आल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "झालं?" हौदकाकांनी त्यांना टॉवेलात गुंडाळून पुढच्या बाकावर बसवलं. यानंतर हौदापुढचा पडदा ओढायचा आणि गीत सुरू व्हायचं, असा क्रम. हौदकाकांनी पडद्याची दोरी हातात घेतली आणि ओढली नाही. गायकगटाने श्वास घेतला होता, तो त्यांनी हळूहळू सोडला.

मग हौदकाकांनी सांगितलं. चार-पाच वाक्यांत. एक पत्र, दोन नावं, पंधरा वर्षं. आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचला, कारण कोणी खोकलंसुद्धा नाही.

हेडमास्तर उठले. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग बाबांना विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का? बाबा अजून हौदातच उभे होते, कमरेपर्यंत ओले. त्यांनी तिथूनच सांगितलं, पाच वर्षं माहीत होतं, आणि आपण का थांबलो तेही सांगितलं. मग ते बेकरीतल्या ताईकडे वळून म्हणाले, "तुला दोनदा थांबवलं तेव्हा मी गप्प बसलो. मला माफ कर."

"मग एक प्रश्न उभा राहतो," हेडमास्तर म्हणाले. प्रश्न उभा राहिला की त्यांचा चेहरा खुलत असे. "पाळकसाहेबांना आपण बोलावलं ते एकतीस विरुद्ध तीस मतांनी. त्या एकतिसातलं एक मत सभासद नसलेल्या माणसाचं असेल, तर उरतात तीस विरुद्ध तीस. म्हणजे नियमाप्रमाणे गेली तेरा वर्षं आपल्याला पाळकच नाही."

चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. तेरा वर्षांत बाबांनी लग्नं लावलेली जोडपी एकमेकांकडे बघायला लागली. आईने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. बाबा पाण्याकडे बघत होते. मला त्या क्षणी वाटलं, आता आमचं सामान बांधायचं.

हौदकाका खाकरले. "हेडमास्तर, माझं मत त्या एकतिसातलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मी 'नाही' लिहिलं होतं. हा माणूस बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. म्हटलं, हा एक दिवस मला विचारणार." त्यांनी दोरी सोडली. "तेरा वर्षांत विचारलं नाही त्यांनी."

हेडमास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, गीतांच्या कागदाच्या मागे काहीतरी लिहिलं आणि वर बघितलं. "एकतीस विरुद्ध एकोणतीस," त्यांनी जाहीर केलं. "पाळकसाहेब दोन मतांनी आले होते." कोणाचा तरी निकाल फेरतपासणीत सुधारावा, तसे ते बोलले. सगळ्यांत आधी काकू हसल्या, आणि मग सगळं चर्च. आई हसता हसता डोळे पुसत होती. तिचे चौतीस त्या दिवशी तेहेतीस झाले, कारण एक तरी तिने बरोबर ओळखला होता आणि आता त्याच्याविषयी तक्रार उरली नव्हती.

हसू थांबल्यावर बेकरीतली ताई उभी राहिली. नियमाप्रमाणे प्रश्न ज्येष्ठ डीकनने विचारायचा, पण ज्येष्ठ डीकनच उमेदवार होता.

"काका," ती म्हणाली, "तारीख सांगा."

हौदकाकांनी बराच विचार केला. "नाही सांगता येत," ते म्हणाले.

"मलाही येत नव्हती. मी सांगितली ती बेकरीतल्या कॅलेंडरवरची होती." एवढं बोलून तिने हात वर केला, मतदानाचा. अजून मत विचारलंही नव्हतं.

हेडमास्तरांनी एकदा सांगून बघितलं, की सभा आणि बाप्तिस्मा यांच्यात एक आठवडा जावा लागतो. टॉवेलातून आजी म्हणाल्या, नियमाचं नंतर बघा, पाणी गार होतंय. त्यांनी काय ऐकलं होतं कोण जाणे, पण हात भराभर वर झाले. हेडमास्तरांनी ते मोजले नाहीत.

हौदकाका पायऱ्या उतरले, आणि आत जाण्याआधी सवयीने कोपर बुडवलं. "गारच झालंय," ते बाबांना म्हणाले. पण खरी अडचण वेगळीच निघाली. हौद त्यांनी आजींच्या उंचीला बेताने भरला होता. आजींच्या छातीला आलेलं पाणी त्यांच्या कमरेलाही पोचेना. सहा फुटी माणूस मागे वाकवायचा तर बाबांना जमेना. शेवटी त्यांना गुडघे टेकावे लागले. सगळ्या मंडळीसमोर, स्वतः घासलेल्या सिमेंटवर हौदकाका गुडघ्यांवर बसले, बाबांनी त्यांच्या पाठीला हात लावला, आणि पाण्याने पुढचे दोन बाक भिजवले.

ते घर आता दुसऱ्या पाळकांचं आहे. बाबा गेले, हौदकाकाही गेले. मागे एकदा मी तिथे गेले होते तेव्हा नव्या पाळकांच्या बायकोने प्रेमाने घर दाखवलं. चौकटीला तेलरंग दिलाय, हलका निळा. रेघा दिसत नाहीत. पण त्यातली सगळ्यांत वरची कुठे होती, ते मला न शोधताही बोट ठेवून दाखवता येतं.

त्या रविवारी संध्याकाळी हौदकाका काकूंना घेऊन आमच्याकडे आले. काकू पाटावर टेकल्या आणि आईला म्हणाल्या, पंधरा वर्षांत यांनी माझं एक ऐकलं. हौदकाकांचे केस अजून ओलसर होते. त्यांना बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत, नेहमीसारखे चौकटीला पाठ टेकून उभे राहिले आणि चहा प्यायले, पण तीन घोटांत नाही, सावकाश. बाबा समोर बसून त्यांच्याकडे नुसते बघत होते. आई उठली, फळीवरून पेन्सिल घेतली, स्टूल ओढून त्यावर चढली आणि हौदकाकांच्या डोक्यावर वही आडवी धरली.

"वहिनी, हे काय?" ते जागचे न हलता म्हणाले.

आईने रेघ मारली आणि तिच्यापुढे आकडे लिहायला लागली.

"तारीख लागते ना तुम्हाला," ती म्हणाली.